दारूबंदी नव्हे, डबाबंदी

गुजरातेत दारूबंदी आहे, असे वाक्य वर्तमानपत्रात वाचले की मला आधी हसू येते, आणि हसू ओसरले की राग येतो. सुरतेत मी एकोणतीस वर्षे काढली. एका डाइंग-प्रिंटिंगच्या गिरणीत हिशेबनिसाचे काम केले. एवढ्या वर्षांत दारू मिळाली नाही म्हणून कोणी तहानलेला राहिल्याचे मी पाहिले नाही. पाहिले ते वेगळेच. दारू होती, तिच्याबरोबर ताट नव्हते, बसायला जागा नव्हती, उजेड नव्हता, घरचे माणूस नव्हते. कायद्याने बाटली गेली नाही, बाटलीशेजारचा डबा तेवढा गेला. या बंदीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायची तर डबाबंदी म्हणावे लागेल. हा लेख त्या डब्याची बाजू मांडण्यासाठी आहे. दारूची वकिली करायला माझी गरज नाही. तिला वकील पुष्कळ आहेत, आणि ते महागडे आहेत.

आमच्या जिल्ह्यातल्या वाचकांना सुरत नव्याने सांगायला नको. नंदुरबार-नवापूरकडच्या दर दुसऱ्या घरातले कोणीतरी उधन्याला, लिंबायतला नाहीतर डिंडोलीला आहेच. नवापूरच्या स्टेशनावर तर फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात आणि उरलेला गुजरातेत. एकाच बाकाच्या मध्यावरून राज्याची रेघ जाते. अलीकडच्या टोकाला जी वस्तू परवान्याने मिळते, तीच वस्तू पिशवीत घालून पलीकडच्या टोकाला गेलात की तुम्ही आरोपी. गंमत अशी की दोन्ही टोकांना कायदा मुळात एकच आहे, १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. १ मे १९६० ला दोन राज्ये झाली, तेव्हा भावांनी वाटणीत भांडी घ्यावीत तसा दोघांनीही हा कायदा घेतला. एकाने त्याचे देवघर केले, दुसऱ्याने गल्लापेटी. महाराष्ट्रातही पिणाऱ्याने परवाना घ्यावा असेच पुस्तकात लिहिले आहे. एक दिवसाचा परवाना, देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच. तो कोणी मागत नाही आणि कोणी दाखवत नाही, हा भाग निराळा.

आता सुरतकर माणूस. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही म्हण त्यांनी स्वतःच स्वतःसाठी केली असली तरी खोटी नाही. पण ती अर्धीच आहे. सुरतकराला जेवण प्रिय, त्याहून ते बाहेर नेऊन मोकळ्यावर बसून खाणे प्रिय. आपली कोजागरी झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा चांदनी पडवो. त्या रात्री घारी आणि भुसुं घेऊन सगळे गाव रस्त्यावर उतरते. चांगले पैसेवाले लोक फुटपाथवर सतरंजी पसरून, चांदण्यात, मोटारींच्या धुरात आनंदाने घारी खातात. थंडी पडली की पोंक. पोंक म्हणजे आपला हुरडाच. ज्वारीची कोवळी कणसे भट्टीत भाजायची, पोत्यात घालून बडवायची, पाखडायची आणि हिरवेगार दाणे गरम असतानाच लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खायचे. अडाजणला तापीकाठी हुरड्याची नगरीच वसते. अशा लोकांना डबा भरणे शिकवावे लागत नाही. ते त्यांच्या रक्तात आहे, आणि म्हणूनच त्यांच्या डब्यावर जे झाले ते मला अधिक लागते.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहाजण जानेवारीत नाशिकला निघालो. मित्रांत एक जरीवाले, एक विम्याचे काम करणारे, त्यांच्या पत्नी, मी आणि आमची ही. हेतू उघड होता. नाशिकला वाइन चाखायची, जी आपल्या गावी चाखली तर तुरुंग. जानेवारीत पोंक ऐन भरात असतो आणि नाशिककडे द्राक्षांची काढणी सुरू होते. निसर्गाने या दोन गोष्टी एकाच महिन्यात दिल्या आहेत, मध्ये चौकी माणसाने घातली.

आदल्या रात्री जरीवाल्यांच्या घरी जी चर्चा झाली तिच्यापुढे विधानसभेचे अधिवेशन फिके पडावे. पोंक न्यायचा तर तो दोन-चार तासांत वातड होतो. म्हणून भाभींनी पहाटे ताजा आणवला, पूर्ण गार होऊ दिला आणि ओलसर मलमलीत गुंडाळून डब्यात भरला. गरम भरला असता तर वाफेने आंबला असता. शेव वेगळ्या डब्यात. मिसळायची ती पानावर, आधी नाही. जरीवाल्यांना लसणाची चटणी हवी होती. भाभी म्हणाल्या, लसूण जिभेवर बसला की पुढे द्राक्ष काय आणि चिंच काय, सारखेच. शेवटी तडजोड झाली. चटणी एका छोट्या डबीत, आणि ती उघडायची सगळे पेले रिकामे झाल्यावर. मेथीचे थेपले, भाजलेले शेंगदाणे, नानखटाई. आमच्या हिने खानदेशची लाज राखली. कळण्याच्या भाकऱ्या आणि काट्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, मिरची निम्मी. तिखट आणि तांबडी वाइन एकत्र आली की तोंडात कडू जाळ होतो, हे विमेवाल्यांनी कुठेसे वाचले होते. ते खरे निघाले.

सुरतेच्या नानखटाईला वाइनबरोबर बसण्याचा अधिकार पिढीजात आहे, हे इथे सांगून टाकतो. डचांच्या भटारखान्यात काम शिकलेल्या पारशांनी सुरतेत पाव-बिस्किटांचा धंदा चालवला. तिथल्या दोटीवाला बेकरीचे साल १८६१ सांगतात. त्या काळी पीठ आंबवायला ताडी वापरीत. म्हणजे आज ज्या सोवळ्या घरात चहात बिस्किट बुडवतात, त्या बिस्किटाचा आजा ताडीवर फुगला होता.

वाइनरीच्या दारात पहारेकऱ्याने डबे पाहिले आणि हात आडवा केला. बाहेरचे खाणे आत चालणार नाही. आमचा पोंक, भरीत, थेपले, सगळे गाडीच्या डिकीत बंद. आत गेलो. सहा पेले ओळीने मांडले, एका चुणचुणीत मुलाने वास कसा घ्यायचा ते सांगितले. पेरूचा वास येतो, गवताचा येतो, हिरव्या मिरचीचा येतो. त्याचे बोलणे खोटे नव्हते, वास येत होते. पण तोंडात घालायला परदेशी थाटाचे चीज आणि खारवलेली ऑलिव्ह, तीही त्यांच्याच भावात. नाशिकच्या मातीतले द्राक्ष, आणि त्याच्यासोबत बसायला नाशिकच्या भाकरीला मज्जाव! गुजरातेत आमचा डबा नीतीने अडवला होता, इथे नफ्याने अडवला. अडवणाऱ्याच्या अंगावर गणवेश तेवढा वेगळा.

आपल्या भाषेने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे, याकडे कोणाचे लक्ष नाही. इंग्रजी रीतीत चाखायची ती वाइन. मराठीत चाखण्यावरून शब्द आला तो खाण्याला, चखणा! आपल्या गुत्त्यावरच्या माणसालाही ठाऊक होते की चव घ्यायची ती पदार्थाची, पेय हे त्याचे सोबती. ज्या दिवशी चखणा गेला आणि नुसता घोट उरला, त्या दिवशी पिणे हे काम झाले, उरकायचे काम.

आम्ही दोन बाटल्या विकत घेतल्या आणि दिंडोरी तालुक्यात आमच्या एका नातलगाच्या मळ्यावर गेलो. ते माळकरी आहेत. थेंबाला शिवत नाहीत, पण त्यांच्या शेताच्या दीड एकरातली द्राक्षे वाइनसाठी जातात, आणि याची त्यांना ना लाज ना अभिमान. ऊस लावला तर त्याची मळीही शेवटी कुठे जाते, असे ते शांतपणे विचारतात. त्यांनीच मांडवाखाली सतरंजी टाकली. डबे उघडले. पोंक आणि चेनिन ब्लाँ जातीची पांढरी वाइन यांची सोयरीक अशी जमली की जरीवाले चटणी विसरले. भरिताचा धुरकटपणा तांबडीला मानवला. नानखटाईपुढे मात्र दोन्ही वाइन आंबट लागल्या. गोडाबरोबर त्याहून गोड पेय लागते. माळकरी मामा आमच्याबरोबर मूठमूठ पोंक खात होते, बायका पेल्यात बोटभर घेऊन गप्पा मारत होत्या, सहा माणसांनी साडेतीन तासांत दोन बाटल्यासुद्धा पुऱ्या संपवल्या नाहीत. मुक्काम तिथेच केला. उरलेली पाव बाटली परत नेणे गुन्हा, म्हणून ती मामींनी बांधावर ओतली.

या दुपारीत अनीती कुठे होती, हे मला कोणीतरी दाखवून द्यावे.

आणि हे सुरतेला नवे आहे असेही नाही. मॅन्डेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत राहिला. रविवारी प्रार्थना आटोपली की वखारवाले गावाबाहेरच्या बागेत जात, आणि शुक्रवारी विलायतेत राहिलेल्या बायकांच्या आठवणीने पेले उचलत, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिथेच त्याने दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांच्या मिश्रणाचा उल्लेख केला आहे. तेच पुढे जगभर गेलेले पंच. १६८९ साली आलेला पाद्री ओव्हिंग्टन तर वखारीच्या पंगतीचे वर्णन करतो. पुलाव, कबाब, दमपुख्त कोंबडी, आंब्याचे लोणचे, इराणची शिराजी वाइन. आणि सणावारी सगळी मंडळी तलावाकाठच्या सावलीच्या बागेत. ते लोक साधुसंत नव्हते, त्यांतले कित्येक पिऊन पिऊन सुरतेच्या मातीत गेले. पण सव्वातीनशे वर्षांपूर्वी साहेबाला सुरतेच्या बागेत जे करता येत होते, ते सुरतेच्या माणसाला आज दोनशे-अडीचशे कोस पायपीट नव्हे, पण एका राज्याची हद्द ओलांडून करावे लागते.

ज्याला ओलांडता येते त्याने ओलांडावी. माझा राग इथून पुढे सुरू होतो.

मोटार आहे त्याला नाशिक आहे, दमण आहे. प्रकृतीच्या कारणाने परवाना काढून देणारा डॉक्टर ओळखीचा असेल तर घरीही आहे. ३१ डिसेंबरला दमणहून परतणाऱ्यांची वलसाड जिल्ह्यात इतकी धरपकड होते की काही वर्षी कोठड्या अपुऱ्या पडून पोलिसांना मंगल कार्यालये घ्यावी लागली. पकडलेले दुसऱ्या दिवशी जामिनावर घरी येतात आणि तो किस्सा वर्षभर सांगतात. लिंबायतमधला आमचा खानदेशी कारागीर काय करतो? बारा तास मागावर उभा. कानात खटखट, नाकात तंतू. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण, पाळीपाळीने झोपणारे. खानावळीचा डबा येतो तो डाळ-भाताचा. तो दारू पितो ती पोटलीतली. गल्लीच्या तोंडाशी, उभ्याने, दाताने प्लास्टिक फाडून, अर्ध्या मिनिटात. अर्ध्या मिनिटातच, कारण पाहिले तर हवालदाराला द्यावे लागते. रिकाम्या पोटी, कारण खानावळ अजून उघडलेली नसते. त्या पोटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात चाळीसांहून अधिक माणसे गेली. पोटात गेले ते मिथेनॉल, कारखान्यातले रसायन. २००९ मध्ये अहमदाबादेत शंभरावर गेली होती. त्यांच्यात मोटारवाला एकही नसावा, याची मी पैज लावतो.

इथे कोणी म्हणेल, मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभराच्या आसपास माणसे मेली, तिथे कुठे बंदी होती? बरोबर आहे. मी तेच म्हणतो. बंदी असो वा नसो, विष त्याच्याच वाट्याला येते ज्याला टेबलावर जागा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो बायकांचा आहे. सुरतेतल्या मराठी वस्त्यांतल्या बायका बंदी उठवू नका म्हणतात. चंद्रपुरात बायकांनी चळवळ केली, २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. त्या बायकांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरात पगार संध्याकाळी विरघळतो, त्या घरात बागेतल्या सतरंजीच्या गोष्टी सांगणे हा उद्धटपणा आहे. आमच्याच डोंगरात १९२२ साली देवी आली. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेले ते वारे डांगातून सोनगड-व्याऱ्याकडे आणि सुरत जिल्ह्यात पोचले. अंगात आलेल्या देवीने आदिवासींना सांगितले, दारू सोडा, ताडी सोडा, गुत्तेवाल्याची चाकरी सोडा. लाखो लोकांनी ऐकले. पुढे १९३८ च्या सुमारास तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना व्यसन सोडायला लावले. ही बंदी कोणा मंत्र्याने दिली नव्हती.

पण त्या लोकांनी सोडले ते काय, हेही पाहा. मोहाची पहिली धार जमिनीला आणि देवाला, मग पानावर बसलेल्या पाहुण्याला, लग्नात, सणात, जेवणाबरोबर, अशी आदिवासींची रीत होती. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. घरची भट्टी बेकायदा झाली, मक्ता सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला गेला. १८९२ च्या मोहडा कायद्याने फूल बाळगण्यावरही निर्बंध आले. अंगणातली धार दुकानाच्या फळीवर गेली, उधारीच्या वहीत गेली. डबा आणि पेला यांची पहिली ताटातूट इंग्रजाने केली, महसुलासाठी. आदिवासींनी देवीच्या मुखाने लाथाडले ते फळीवरच्या या कर्जाला. आजच्या बंदीचे सरकार स्वतःला देवीचे वारस समजते. मला तरी ते अबकारी कायद्याचेच वारस दिसतात.

आता महाराष्ट्राने फार मिश्या पिळू नयेत. २००१ मध्ये आपल्या सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण केले, वाइनला करांत सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क काढले. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. पण जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवण्याचा निर्णय झाला, आणि त्याच्या समर्थनासाठी 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे संजय राऊत यांनी सांगितले, तेव्हा मात्र मी वर्तमानपत्र खाली ठेवले. विरोध झाला, निर्णय अंमलात आला नाही, वाक्य राहिले. द्राक्षाचे आंबवले तर ते फळांचा रस, आणि अक्राणीच्या बाईने मोहाचे आंबवले तर हातभट्टी! २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे निर्बंध महाराष्ट्राने सैल केले. फूल सुटले, घरी गाळलेला फुलाचा अर्क अजून गुन्हेगारच आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता दिली, अलीराजपूरकडे बचत गटाच्या बायका ते अधिकृतपणे गाळतात. अलीराजपूर आमच्या जिल्ह्याला लागून आहे. नर्मदा ओलांडली की वारसा, अलीकडे आलात की पंचनामा.

डिसेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारने गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत सवलत दिली. त्या आदेशातला शब्द बघण्यासारखा आहे, 'वाइन अँड डाइन'. म्हणजे सरकारलाही कळते! ताटाबरोबर प्यालेले हे सभ्य असते, एवढे ज्ञान त्यांच्याकडे पहिल्यापासून होते. ते काचेच्या इमारतीत बसणाऱ्यांसाठी वापरले, मागावर उभे राहणाऱ्यांसाठी राखून ठेवले. लिंबायतला 'डाइन' कोण करणार?

माझी मागणी लहान आहे. सुरतेत दुकाने उघडा, असे मी म्हणत नाही. त्या बायकांना विचारल्याशिवाय कोणी म्हणू नये. पण पिणारा पकडला तर कोठडीऐवजी दवाखाना द्या, आणि पोटली गाळणाऱ्याला वाचवणारा हात कोणाचा ते शोधा. नाशिकच्या वाइनरीवाल्यांनी माणसाची भाकरी आत येऊ द्यावी. भाड्याच्या चीजने तुमच्या वाइनची चव समजत नाही, हुरड्याने समजते. आणि महाराष्ट्राने मोह आणि द्राक्ष यांना एकाच तागडीत घालावे. दोन्ही वर जावोत नाहीतर दोन्ही खाली.

निवृत्त होऊन मी आता नवापूरलाच राहतो. येत्या पौषात सुरतेची मंडळी पोंक घेऊन येणार आहेत. रंगावलीच्या काठी बसायचे ठरले आहे, हद्दीच्या अलीकडे. पेय विकतचे, पावतीसह. सहा जणांचे एक दिवसाचे परवाने काढायचे म्हणून तीस रुपये मी वेगळे काढून ठेवले आहेत. ते कोणत्या खिडकीवर मिळतात, हे मी तीन कचेऱ्यांत विचारून आलो. तिन्ही ठिकाणी लोक माझ्याकडे बघून हसले.